हाताला बसणारा ग्राइंडर

दुकानात ग्राइंडर दाखवतात तो नेहमी उघडाबोडका. चकती नाही, गार्ड नाही, बाजूचं हँडल नाही. ते सगळं खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जा नाहीतर तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, रीत एकच. दुकानदार पिन सॉकेटमध्ये खुपसतो, बटण सरकवतो, आणि रिकामं मशीन किंचाळायला लागलं की तुमच्याकडे बघून म्हणतो, ‘आवाज ऐका.’ आवाज सगळ्यांचे सारखेच. गिऱ्हाईक मशीन हातात घेतं, एकदा वर-खाली करतं, ‘हलकंय’ म्हणतं, वॅट विचारतं, भाव थोडा पाडून घेतं आणि निघतं. चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो. ज्याच्याशी रोज काही तास झुंजायचं, ते मशीन मात्र आपण कांद्याबटाट्यासारखं तोलून घेतो.

हलकं असणं आणि हाताला बसणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळा घोळ तिथेच आहे. वजन खोक्यावर छापता येतं. ते हातापासून किती लांब लटकतं, बोटांची मिठी मशीनभोवती पुरी बसते की नाही, बटण दाबायला अंगठा जागचा हलवावा लागतो का, हे छापता येत नाही. गार्ड आणि हँडल काढून फेकलेली मशीनं आपण शॉपमध्ये बघतो तेव्हा कामगाराच्या बेफिकिरीला शिव्या देतो. पंचवीस वर्षं फॅब्रिकेशनच्या शॉपमधून हिंडल्यावर माझं मत पालटलं आहे. गार्ड निघतो तो बहुतेक वेळा बेफिकिरीने नव्हे, अडचणीने. फिरवायला स्क्रूड्रायव्हर लागणारा गार्ड दिवसातून दहा वेळा कोण फिरवत बसेल? त्यामुळे आरामाचा प्रश्न हा चैनीचा नाही. ज्या मशीनवर गार्ड आणि हँडल संध्याकाळपर्यंत टिकतात, ते मशीन चांगलं, अशी माझी साधी व्याख्या आहे.

हे अवजार तसं तरुण. जर्मनीत १९२२ साली आकरमान आणि श्मिट या दोघांनी काढलेल्या कंपनीने आधी लवचिक दांड्यावर चालणारा ग्राइंडर बनवला: मोटर एका जागी ठेवायची, आणि सापासारख्या वळणाऱ्या दांड्याच्या टोकाला चाक. त्याच कंपनीने १९५४ साली जलद फिरणारा अँगल ग्राइंडर बाजारात आणला. तिचं नाव पुढे ‘फ्लेक्स’ झालं आणि जर्मन बोलीत ते अवजाराचंच नाव होऊन बसलं. तिथे ग्राइंडरने कापणं म्हणजे ‘फ्लेक्सन’. आपल्याकडे नुसतं ‘ग्राइंडर’ म्हटलं तर घरात बायकांना इडलीचं पीठ आठवतं, म्हणून शॉपमध्ये ‘फोर इंच’, ‘सेव्हन इंच’, किंवा जुन्या मॉडेलांच्या सवयीने ‘एजी-फोर’, ‘एजी-सेव्हन’ म्हणतात. महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध नुसता गिऱ्हाइकाचा नाही. उरणजवळच्या मोरा इथे १९४१ साली ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना निघाला, तीच आजची ग्राइंडवेल नॉर्टन. मुलुंडच्या राल्लीवुल्फची मशीनं आमच्या आधीच्या पिढीने वापरली. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स १९७०च्या दशकापासून आहे. ‘केपीटी’ची पाटी असलेलं एखादं मशीन दक्षिण महाराष्ट्रातल्या फाउंड्रीत हटकून दिसतं.

रचना अशी की, लांबट अंगात मोटर आडवी झोपलेली, पुढे गिअर हेड, आणि त्यातले तिरक्या दातांचे गिअर ती फिरकी काटकोनात वळवून चकतीला देतात. याच काटकोनामुळे त्याला अँगल ग्राइंडर म्हणायचं. याचा पहिला परिणाम तोलावर होतो. तांबं आणि पोलाद भरलेली मोटर मधे, गिअरांचं जड डोकं पुढे, आणि मागे जवळजवळ पोकळ शेपूट. चार इंची मशीनचा गुरुत्वमध्य शोधायचा तर ते एका बोटावर आडवं धरून बघा: तोल गिअर हेडच्या जरा मागे सापडतो. तुमची मूठ मात्र त्याच्याही मागे असते. म्हणजे मशीन सतत पुढे झुकू पाहतं आणि मनगट त्याला वर उचलून धरतं. वजन पावणेदोन किलो असेल आणि मुठीपासून तोलाचा बिंदू चार बोटं पुढे असेल, तर ते मनगटाला पावणेदोन किलोपेक्षा जड लागतं. तोच बिंदू मुठीजवळ सरकलेलं दोन किलोचं मशीन हलकं लागतं. काट्यावरचं वजन आणि हातातलं वजन यांत फरक पडतो तो या चार बोटांचा.

बरं, तोल चांगला म्हणजे नेहमीच मधोमध, असंही नाही. टेबलावर ठेवलेल्या प्लेटवरचा वेल्ड घासायचा असेल तर पुढे झुकणारं मशीन कामाचं. त्याचं वजनच चकती दाबतं, तुम्ही फक्त फिरवायचं. तेच मशीन घेऊन जिन्याच्या रेलिंगचा उभा पाइप घासा, किंवा शेडच्या ट्रसखाली उभं राहून डोक्यावरचा जॉइंट साफ करा. पुढचं वजन आता वैरी होतं. एकच मशीन एकाला मऊ आणि दुसऱ्याला राक्षस वाटतं ते यामुळे. विकत घेणाऱ्याने स्वतःला आधी विचारावं, माझं काम बहुतेक टेबलावरचं, भिंतीवरचं की डोक्यावरचं? हा प्रश्न वॅटच्या आधी यायला हवा. दुकानात मी आजवर तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

खोक्यावर छापलेल्या वजनाबद्दलही थोडं. बहुतेक वेळा त्यात वायर धरलेली नसते, आणि पुष्कळदा गार्ड, हँडल, चकतीही नसतात. कमरेच्या उंचीवर काम करताना जमिनीवरून उचललेली वायर शेपटीला मागे ओढते. वायर जाड आणि कडक पीव्हीसीची असेल तर थंडीच्या सकाळी ती मशीनला स्वतःच्या वळणाने वळवू बघते. रबराची मऊ वायर हा आरामाचा भाग आहे, पण यादीत कुणी लिहीत नाही. जुने कारागीर वायर उजव्या खांद्यावरून मागे टाकतात. ओढ खांद्यावर जाते, मनगट सुटतं, आणि वायर ठिणग्यांपासूनही लांब राहते.

आता आकार. आपल्या बाजारात चार इंच म्हणजे १०० मिमी, पाच इंच म्हणजे १२५, सात म्हणजे १८० आणि नऊ म्हणजे २३०. चार इंचीच्या चकतीचं भोक १६ मिमीचं, त्यापुढच्यांचं २२.२३चं. फिरकी उलट्या प्रमाणात: चार आणि पाच इंची मिनिटाला ११ ते १२ हजार फेरे, सात इंची साडेआठ हजारांच्या आसपास, नऊ इंची साडेसहा हजार. असं का? नेहमीच्या रेझिनच्या चकत्यांच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या वर जाऊ द्यायचा नसतो. चकती मोठी झाली की फेरे कमी करावे लागतात. सेकंदाला ८० मीटर म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. साधं चार इंची मशीनसुद्धा ११ हजार फेऱ्यांना कडेवर ताशी २०० किलोमीटर ओलांडतं. एक्सप्रेसवेवर कुणी गाडी इतक्या जोरात नेत नाही, इथे मात्र ती नाकापासून हातभर अंतरावर चालते.

घरकाम, ग्रिल, गेट, स्क्वेअर पाइप, टाइल, बारीक वेल्ड, या सगळ्याला चार इंची पुरतं. वजन दीड ते दोन किलो, वॅट ६०० ते १०००. बंगल्याच्या गेटचं काम घेणारा पोरगा ‘एकदाच मोठं घेऊन टाकू’ म्हणून सात इंची उचलतो तेव्हा मला वाईट वाटतं. सात आणि नऊ इंचींची वजनं चार-पाच किलोंपासून सहाच्या आसपास जातात, आणि वॅट बहुतेक दोन हजारांच्या वर. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्याची ऐपत १३८० वॅटची. म्हणजे मोठ्या मशीनला पॉवरचा सॉकेट हवा. त्याऐवजी बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन लावलं की व्होल्टेज पडतं, मोटर ओढून चालते, आर्मेचर तापतं, आणि दोष मशीनला येतो.

पाच इंची हा मधला भाऊ आपल्याकडे उपेक्षित राहिला. युरोपात तोच घराघरात. इथे चार इंची चकत्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, पाच इंची शोधाव्या लागतात, एवढंच त्याचं कारण. पण रोजचं वेल्डिंगचं काम असेल तर पाच इंचीचा विचार करावा. चकती झिजत गेली की कडेचा वेग उतरतो. चार इंची चकती तीन इंचांवर आली की कापण्याचा वेग पाऊणपट, आणि मग माणूस दाब वाढवतो. जास्त दाब म्हणजे जास्त थकवा. पाच इंचीत ही वेळ उशिरा येते आणि खोबणीत चकती खोलवर पोचते. बदल्यात अंग थोडं जाड मिळतं, हे मात्र खरं.

अंगाची जाडी हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. मुठीत घट्ट धरायच्या वस्तूचा व्यास तीन ते पाच सेंटिमीटर असावा, असं हातांच्या अवजारांचा अभ्यास करणारे सांगतात. कुदळीचा दांडा, हातोड्याचा दांडा, विळ्याची मूठ याच मापात बसतात. आपल्या सुतारांनी ते पुस्तक न वाचता साधलं आहे. छोट्या ग्राइंडरमध्ये मात्र तुम्ही धरता ती मूठ नसतेच, ती मोटरची पेटी असते. बारीक अंगाच्या चार इंचीचा व्यासही साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या घरात जातो. ताकद वाढली की फील्ड कॉइल फुगते आणि अंग आणखी भरतं. बोटांची टोकं अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत आणि पकड अर्धवट राहते. अर्धवट पकडीत तीच वस्तू धरायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो. संध्याकाळी कोपराखालचा भाग दगडासारखा होतो तो मशीनच्या वजनाने नव्हे, या आवळण्याने.

तपासायची युक्ती सोपी. मशीन बंद ठेवून कामाला धरतो तसं धरा आणि अंगठा व मधलं बोट यांच्यातली फट बघा. एक बोट मावेल एवढी असेल तर चालेल; दोन बोटांहून मोठी असेल तर ते मशीन तुमच्या हाताचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. माझ्या ओळखीच्या शॉपमध्ये फिनिशिंगच्या टेबलावर बायका काम करतात. त्यांच्यासाठी मालकाने ‘हलकी’ म्हणून घेतलेली मशीनं वजनाला हलकी होती, अंगाला तेवढीच जाड. त्यांनी हातमोजे काढून काम सुरू केलं, कारण मोज्यासकट बोटं वळेनात. मालक म्हणे, बायका ऐकत नाहीत.

यावर उपाय निघाले आहेत. एक म्हणजे मोटर पुढे ढकलून मागे बारीक मूठ काढायची. मोठ्या मशीनांत हे पूर्वीपासून आहे, आता छोट्यांतही लांब शेपटीची मॉडेलं मिळतात. बोटांना ती सुखाची, पण मशीन लांब होतं आणि अडचणीच्या जागी मागचं टोक कुठेतरी आपटतं. दुसरा उपाय ब्रशलेस मोटर. कार्बन आणि कम्युटेटर गेले, मोटर आखूड आणि बारीक झाली, म्हणून त्याच ताकदीला अंग सडपातळ. नवीन बॅटरीवाल्या मशीनांत ही मोटर सर्रास आहे.

बॅटरीने तोलाचं गणितच उलटं केलं आहे. अठरा व्होल्टची चार-पाच अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे अर्धा-पाऊण किलो, आणि ती बसते अगदी शेपटीला. पुढचं जड डोकं आणि मागची जड बॅटरी यांच्यामध्ये मूठ आली की मशीन हातात तराजूसारखं स्थिर राहतं. पहिल्यांदा धरल्यावर सुख वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण एकूण वजन वाढलेलं असतं, आणि उभ्या पाइपवर चकती टेकवताना शेपूट खाली लोंबतं. डोक्यावरच्या कामात पाच अँपिअर-अवरची बॅटरी काढून दोनची लावणारे वेल्डर मी बघितले आहेत. वेळ निम्म्याहून कमी मिळते, खांदा शाबूत राहतो. छपरावर, मचाणावर, वीज नसलेल्या साइटवर बॅटरीला तोड नाही. टेबलावर दिवसभर घासायचं असेल तर मी अजून वायरवालंच घेईन. तापलेली बॅटरी थंड व्हायची वाट बघत बसण्यात कसला आराम?

बटणाचं पुराण मोठं आहे, थोडक्यात सांगतो. बाजूला सरकणारं बटण अंगठ्याला सोपं, पण ते अडकून राहतं; मशीन हातातून सुटलं तर फिरतच राहतं. वीज गेली, परत आली, आणि टेबलावर ठेवलेलं मशीन आपोआप चालू झालं, हा प्रसंग लोडशेडिंगच्या काळात ज्याने पाहिला नाही असा मिस्त्री विरळा. पॅडलचं बटण दाबून धरलं तरच चालतं, सोडलं की बंद. सुरक्षेला ते उत्तम. पण त्याची कमान टणक असेल तर अर्ध्या तासात तळवा दुखतो, मग कुणीतरी त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून पॅडलवालं घेताना कमान मऊ आहे का, पॅडल चार बोटांच्या रुंदीचं आहे का, हे बघा. परत आलेल्या विजेवर सुरू न होणं आणि हळूहळू वेग घेणं, या दोन इलेक्ट्रॉनिक सोयी मात्र पैसे टाकून घ्याव्यात. नऊ इंची मशीन एकदम सुरू झालं की मनगटाला जो हिसका बसतो, तो पन्नाशीनंतर लक्षात राहतो.

मोठ्या चकतीची आणखी एक गंमत. जोरात फिरणारा भोवरा तिरका करायला गेलं तर तो विरोध करतो आणि भलत्याच दिशेला वळतो. चकतीही भोवराच आहे. चालू सात इंची मशीन हवेत एका बाजूला कलवून बघितलं की ती अदृश्य आडमुठेपणाची ओढ जाणवते. सपाट प्लेटवर हीच गोष्ट मशीनला स्थिर ठेवते. गोल पाइपभोवती, कोपऱ्यांत, जिथे दर सेकंदाला कोन बदलतो तिथे ती थकवते. गुंतागुंतीच्या कामाला लहान चकती, हा नियम निव्वळ जागेच्या सोयीचा नाही.

आता कंपन. इथे थांबून बोलायला हवं, कारण आराम हा शब्द इथे औषधाच्या दुकानापर्यंत जातो. डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणकामगारांचे हात तपासले. हवेच्या दाबावर चालणारे छिन्नी-हातोडे वापरणाऱ्या दगड कापणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, हे त्यानंतर वारंवार सिद्ध झालं. आपल्या उष्ण हवेत बोटं पांढरी पडताना फारशी दिसत नाहीत, म्हणून आपण समजतो की हा थंड देशांचा आजार. नसांना हवामान कळत नाही. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणं, शर्टाचं बटण लावताना बोटांना ते न कळणं, चहाचा कप निसटणं, ही तक्रार फेटलिंग करणाऱ्यांना विचारा. फेटलिंग म्हणजे ओतीव काम साच्यातून निघाल्यावर त्याचे कंगोरे आणि धारा घासणं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत पाळीभर हेच करणारे हात आहेत. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो आजार नव्हे, वय.

युरोपने २००२ साली यावर कायद्याची चौकट घातली. हाताला पोचणारं कंपन मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. आठ तासांच्या सरासरीने २.५ झालं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ ही शेवटची मर्यादा. मशीनच्या माहितीपुस्तिकेत घासतानाच्या कंपनाचा आकडा असतो. अँगल ग्राइंडरला तो बहुतेक ५ ते १०च्या दरम्यान सापडतो. गणित असं की कंपन दुप्पट झालं तर मुभा निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते. आकडा ५ असेल तर २.५ची पायरी दोन तासांत गाठली जाते; आकडा १० असेल तर अर्ध्या तासात, आणि दोन तासांत शेवटची मर्यादाही संपते. हे तास मशीन हातात असण्याचे नव्हेत, चकती प्रत्यक्ष चालू असण्याचे. ग्रिलवाल्याचे तेवढे होत नाहीत, फेटलिंगवाल्याचे सहज होतात. स्वस्त मशीनांच्या पुस्तिकेत हा आकडाच नसतो. न सांगितलेला आकडा मोठा धरून चालावं, असं माझं मत.

कंपन कमी करायला रबराच्या मानेचं बाजूचं हँडल मिळतं, ते डाव्या हाताला खरोखर फरक दाखवतं. मेटाबो कंपनीच्या काही मशीनांत आणखी हुशार युक्ती आहे: चकतीच्या मागे एका कड्यात मोकळ्या पोलादी गोळ्या असतात, आणि चकती एका बाजूला जड असली की फिरताना त्या आपोआप उलट्या बाजूला गोळा होऊन तोल सावरतात. हे ऐकून चमत्कार वाटतो, पण त्यातून खरी गोष्ट लक्षात यावी. कंपनाचं मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसून चकतीत असतं.

आपल्या शॉपमधली एक काटकसर बघा. सात इंची चकती झिजून चार इंचांवर आली की ती टाकवत नाही. बुश टाकून चार इंची मशीनवर चढवतात. भोक मोठं, बुश घरगुती, चकती केंद्रात बसत नाही. मग दहा हजारांचं मशीनही ट्रॅक्टरसारखं हादरतं. त्यात गार्ड अडतो म्हणून तोही निघतो. शिवाय रेझिनच्या चकतीला वय असतं. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, तयार झाल्यापासून साधारण तीन वर्षांची. दमट गोदामात, पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या चकत्या एका बाजूने ओल पितात. नव्या कोऱ्या चकतीने मशीन थरथरलं तर मशीन बदलण्याआधी चकती बदलून बघा, मग ती काढून फ्लँजवरची पूड पुसा, तेवढ्यानेही पुष्कळदा भागतं. पाच-दहा रुपये वाचवायला घेतलेली चकती दोन-तीन हजारांच्या मशीनचा आराम खाते, आणि हे मी स्वतः करून शिकलो आहे.

चकती जड मशीनलाही हलकं करते, हेही तितकंच खरं. एक मिलिमीटर जाडीची कटिंग चकती पाइपमधून लोण्यातून गेल्यासारखी जाते. तीन मिलिमीटरची जुनी चकती दुप्पट वेळ आणि दुप्पट जोर घेते. पातळ चकतीने बाजूला घासायचं मात्र नाही, ती त्या जोराला बनलेली नसते. वेल्ड गुळगुळीत करायला सहा मिलिमीटरच्या दगडी चकतीऐवजी फ्लॅप डिस्क लावली की आवाज उतरतो, थरथर उतरते, खर्च जरा वाढतो. नवं मशीन घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी चकती बदलून आठवडाभर थांबायला सांगतो. निम्मे पुन्हा विचारायला येत नाहीत.

झटक्याचं एक वाक्य राहिलं. मशीन उसळून अंगावर येतं तेव्हा लोक म्हणतात, पकड सुटली. पकड नंतर सुटते. आधी खोबण मिटते. दोन्ही टोकांना टेकवलेला अँगल मधे कापला की तो खाली वाकतो, फट आवळते आणि चकती चिमटीत सापडते. टेकू कापायच्या जागेजवळ द्या आणि सुटा तुकडा मोकळा लोंबू द्या. चकती अडकताच मोटर तोडणारी इलेक्ट्रॉनिक सोय असलेली मशीनं मिळतात, ती घ्यावीतच. पण चुकीचा टेकू त्यांनी सुधारत नाही.

डावखुऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो, कारण दुकानात कुणी सांगत नाही. बहुतेक छोट्या मशीनांचं गिअर हेड चार स्क्रू सोडून पाव वळणाने फिरवता येतं, आणि बाजूचं हँडल दोन्हीकडे बसतं. बटण अंगठ्याखाली येईल अशी जुळणी पाच मिनिटांत होते. वॉरंटीवर परिणाम होतो का ते आधी विचारावं, एवढंच. गार्ड पान्याशिवाय, नुसत्या खटक्यावर फिरतो का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. माझ्या यादीत तो मुद्दा वॅटच्या बराच वर आहे. तसं वॅटचं फार कौतुक करू नये. छापलेला आकडा मशीन वीज किती ओढतं त्याचा असतो, चकतीला त्यातली निम्मी किंवा थोडी अधिक मिळते.

गेल्या महिन्यात भाच्याबरोबर ग्राइंडर घ्यायला गेलो. दुकानदाराला म्हटलं, चकती लावा, गार्ड लावा, हँडल लावा, आणि पिन नका घालू. त्याला वाटलं म्हातारा चळला. बरीच शोधाशोध करून त्याने पाना काढला, सगळं जोडलं. भाच्याने मशीन छातीच्या उंचीवर दोन हातांनी धरलं, वायर मोकळी लोंबवत ठेवली, आणि मी घड्याळ लावलं. पहिलं, सगळ्यात हलकं छापलेलं मशीन एका मिनिटात त्याने खाली आणलं. दुसरं, पाव किलो जड, दोन मिनिटं झाली तरी धरून होता आणि माझ्याशी गप्पा मारत होता. दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, पहिलं मशीन स्वतः उचललं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. ‘हे माझ्या लक्षात नव्हतं आलं,’ असं काही तो म्हणाला नाही. त्याने फक्त दुसऱ्याचा भाव शंभर रुपयांनी वाढवून सांगितला.